निरंक

कलेक्टर कचेरीच्या कडुलिंबाखाली, परभणीत,
माझं टेबल, प्रिंटर, एक रडकं इन्व्हर्टर.
शपथपत्रं करून देतो. पानाला वीस रुपये.
पोटनिवडणूक म्हणतात ना,
तिच्यातलं पोट माझं.

अर्जाचा शेवटचा दिवस. तीनला फाटक बंद.
दीड वाजता त्रिंबकराव शेळगावकर आले.
गेल्या बुधवारपर्यंत राज्यपाल होते
लांबच्या एका डोंगराळ राज्याचे,
जिथं म्हणे जूनमध्येही रजई लागते.
मागं विद्यापीठाच्या पदवीदानाला आले होते,
तेव्हा पोलिसांनी दोन दिवस
माझं हेच टेबल उचलायला लावलं होतं.
आज त्यावर कोपर टेकून उभे,
कपाळाला घाम, काखेत प्लास्टिकचं फोल्डर.

मी नवीन फाईल करत नसतो.
जुनी उघडायची, नाव खोडायचं, दुसरं टाकायचं.
उघडली तर नागोराव ढवळे.
ज्यांच्या जाण्यानं ही जागा रिकामी झाली तेच,
मागच्या खेपेला याच खुर्चीत बसून
पेरू खात खात त्यांनी मजकूर सांगितला होता.
बिया अजून कीबोर्डात असतील एखादी दुसरी.
बॅकस्पेस दाबून धरला.
ढवळे गेले, मग राव, मग नागो.
शाळेत असायचं, रिकाम्या जागा भरा.
पाच मार्कांना.

"पत्ता काय टाकू, साहेब?"
मतदार यादीचा उतारा समोरच होता,
अनुक्रमांक सात, घर: राजभवन.
ते टाकता येईना.
सेलूचं घर त्यांनी मुलींच्या वसतिगृहाला दिलेलं.
पुण्याचा फ्लॅट लेकीच्या नावावर.
बराच वेळ कचेरीच्या जिन्याकडं बघत राहिले,
मग म्हणाले, "शेळगाव टाक."
"घर आहे तिथं?"
"जागा आहे," ते म्हणाले.

वय एकाहत्तर. व्यवसाय?
"सेवा लिही."
सेवा चालत नाही, म्हटलं, उत्पन्न दाखवावं लागतं.
हसले. निवृत्तिवेतन.
प्रलंबित खटले: निरंक.
वाहन: निरंक.
सोनं: एक अंगठी, बायकोची,
ती आता करंगळीतही जात नाही.
देणी?
निरंक.

बाहेर त्यांच्या कार्यकर्त्यांनी ताशा सुरू केला,
प्रिंटर आपला एकेक पान ओकत होता.
ते उभ्या उभ्या वाचत होते, चष्मा कपाळावर.
नवव्या पानाशी थांबले.
सत्यापनाच्या ओळीत माझी चूक राहिली होती.
*मी, नागोराव ढवळे, शपथेवर कथन करतो की*
वरील सर्व मजकूर खरा आहे.

मला वाटलं, आता आवाज चढतो.
चढला नाही.
"हा माझ्या शपथविधीला आला होता," म्हणाले.
"विरोधी पक्षाचा. दोन रात्री रेल्वेत बसून.
जवसाची चटणी आणली होती डब्यात,
सुरक्षावाल्यांनी तपासायला म्हणून उघडली
आणि अर्धी तिथंच संपवली."
एवढंच.
पुढं काही सांगतील म्हणून मी थांबलो.
घड्याळात दोन बेचाळीस.

मी दुरुस्त करून दिलं.
सही केली त्यांनी, लांबलचक,
जुन्या सवयीनं सहीखाली
पदासाठी बोटभर जागा सोडून.
चुकलेलं पान मी चुरगाळणार तेवढ्यात
त्यांनी मागून घेतलं,
चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवलं.

अकरा पानं, दोनशेवीस.
एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला.
औषधाची पट्टी, पेन, ते पान.
साडेचार वर्षं पैसे बाळगायची गरजच पडली नव्हती,
आणि पैसेवाली माणसं ताशापाशी नाचत होती.
"येताना देतो," म्हणाले,
आणि निघाले जिन्याकडं, भराभर,
धोतराचा सोगा हातात धरून.

येताना हार होते, कॅमेरे होते, गर्दी होती.
माझं टेबल त्यातून दिसलं नसणार.
मीही हाक मारली नाही,
समोर उत्पन्नाच्या दाखल्याला पोरगी उभी होती,
तिला चारच्या आत पाहिजे होता.

शपथपत्र आता कचेरीच्या भिंतीवर लागलंय,
कुणालाही वाचता येतं.
पान सहा, देणी.
शब्द मीच टाईप केलाय.